क्लीन कमांड आणि तेवीस धवले

माझ्या नाकावर राग असतो, हे सासूबाईंनी आमच्या लग्नाच्या बोलणीतच ओळखलं होतं म्हणे. "पण वाचायची आवड दिसली, म्हणून म्हटलं चालेल," असं त्यांनी मला पुढे कधीतरी भाजी निवडताना सांगितलं. त्या मोहन्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्या, सासरे गेले, तरी त्यांनी मोहन्यातलं घर काही सोडलं नाही. आम्ही दोघं ठाण्यात, वर्तकनगरला. मी एका कंपनीत प्रोग्रामिंग करते. पण आत्ता सांगतेय ते त्या नोकरीबद्दल नाही, मी फुकट करते त्या कामाबद्दल आहे.

लिखाणाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं एक छोटं साधन आहे. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची आणि एंटर मारायचं. फाइल बदलली की नोंद करायची, सोबत काय बदललं नि का बदललं याची एक ओळ लिहायची. मग पुढे कितीही गोंधळ घातला तरी त्या नोंदीपर्यंत मागे जाता येतं. याच कामाची मोठमोठी साधनंही आहेत, पण आमचं आटोपशीर आहे आणि ते दहा-पंधरा माणसं फावल्या वेळात सुधारत असतात. कोणी कोणाला पाहिलेलं नाही. सुधारणाही काही फार थोर नसतात. एखादा संदेश कळत नाही म्हणून त्यातला शब्द बदलायचा, जे काम दोन कमांडमध्ये होतं ते एकीत बसवायचं, असलं बारीकसारीक. प्रत्येक सुधारणा आधी सगळ्यांना पाठवायची, बाकीच्यांनी ती वाचून खोड काढायची, मग दुरुस्त करून परत पाठवायची. खोड काढणं हे माझं लाडकं काम. नवरा म्हणतो, घरात करतेस तेच तिथेही करतेस, फक्त इंग्रजीत.

त्या साधनात क्लीन नावाची एक कमांड आहे. फोल्डरमधल्या ज्या फायलींची नोंद झालेली नाही, त्या सगळ्या ती एका फटक्यात पुसून टाकते. कचऱ्याच्या डब्यातही टाकत नाही, थेट पुसते. आमच्यातल्या एका सदस्याने एकदा सुचवलं की पुसू नये, एका लपवलेल्या कप्प्यात महिनाभर ठेवावं, मग पुसावं. हा सदस्य बाई की बुवा हे मला आजही माहीत नाही. सोयीसाठी 'तो' म्हणते. मला ती कल्पना अजिबात पटली नाही. मी लिहिलं, "साफ म्हणजे साफ. ज्याला ही कमांड कळत नाही, त्याने ती चालवूच नये." तीन जणांनी माझ्या वाक्याला पसंतीचे अंगठे दिले आणि मला गुदगुल्या झाल्या.

तो चिडला नाही. "मुद्दा समजला, बदल करून पाठवतो," एवढंच लिहिलं आणि आठवड्याभरात नवा मसुदा पाठवला. मी त्यातही पाच चुका काढल्या. त्याने त्या दुरुस्त केल्या. मी म्हटलं, कप्प्यात ठेवा हवं तर, पण पडद्यावर येणारा संदेश बदलू नका, कारण लोकांचे प्रोग्राम तो संदेश वाचून पुढची कामं करतात. त्याने मान्य केलं. मी म्हटलं, ही सोय आपणहून चालू असता कामा नये. ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. त्याने तेही मान्य केलं. शेवटी सातव्या मसुद्यात असं ठरलं की नवी आवृत्ती घेतल्यावर एकदाच एक प्रश्न यायचा: पुसलेल्या फायली महिनाभर जपून ठेवायच्या का, हो की नाही. हो म्हटलं तर सोय चालू, नाही तर सगळं पूर्वीसारखं. मी मनात हसले. असले प्रश्न कोण वाचतं? लोक 'नाही' दाबून पुढे जातात. मी स्वतः 'नाही'च दाबलं.

आता सासूबाईंकडे येते. निवृत्त झाल्यावर त्यांनी धवले लिहून घ्यायचं मनावर घेतलं. धवले म्हणजे आगरी लग्नातली गाणी. मांडव, हळद, वरात, प्रत्येक विधीचा धवला वेगळा आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. ती गाऊन संपवेपर्यंत भटजीसुद्धा घड्याळ बघत बसून राहतात. सासूबाईंच्या शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होत्या, आंबिवलीच्या पलीकडच्या गावातल्या. पातेल्यात डाव फिरवताना त्या काहीतरी गुणगुणायच्या. ते काय आहे असं सासूबाईंनी विचारलं आणि मग कळलं की या गावच्या मोठ्या धवलारीण आहेत. आसपासच्या पाच-सहा गावांतली लग्नं त्यांच्याच गळ्यावर लागतात. गाणी कुठे लिहिलेली नव्हती. आत्याकडून कानाने आलेली, कानातच राहिलेली.

सासूबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांना अर्धे शब्द आधी कळायचे नाहीत. पण शिकवायची सवय असलेल्या माणसाला शिकायचीही सवय असते बहुतेक. फोनवर रेकॉर्ड करायचं, घरी येऊन लॅपटॉपवर टाइप करायचं, असं त्यांनी सुरू केलं. मी उत्साहाच्या भरात आमचं साधन त्यांच्या लॅपटॉपवर घालून दिलं आणि चार कमांड एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलाजवळ टांगल्या. मला वाटलं होतं आठ दिवसांत कंटाळतील. पण त्यांना ते हजेरीपत्रकासारखं आवडलं. नोंदीसोबतची ओळ तर त्या अशी लिहायच्या की आमच्या गटातल्या कोणालाही लाज वाटावी. "धवला तिसरा. मावशींच्या मते इथे मामा आधी येतो, काका नंतर. मी उलट ऐकले होते. चूक माझी." असं पूर्णविरामासकट.

मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी एक अट घातली होती. पूर्वी कोणीतरी त्यांच्याकडून गाणी ऐकून पुस्तिका छापली होती आणि दोन विधींचे धवले एकात एक घुसडले होते. ते त्यांच्या जिव्हारी लागलेलं. म्हणून त्या सासूबाईंना म्हणाल्या, "बाय, लिवलंस का आधी मना वाचून दाव. मी हो बोलले का मंगच तां पक्कं धर." सासूबाईंनी ही अट देवाला बोललेल्या नवसासारखी पाळली. मावशींनी 'हो' म्हटल्याशिवाय त्या साधनात नोंदच करायच्या नाहीत. कच्चं लिखाण फोल्डरमध्ये तसंच पडून असायचं. आम्ही प्रोग्रामवाले नेमकं उलटं करतो, कच्चं असतानाच दहा वेळा नोंद करतो, कारण साधन त्यासाठीच आहे. पण नोंद या शब्दाला शाळेत वजन असतं. कच्च्या गोष्टीची नोंद कशी करायची, असा त्यांचा सरळ हिशेब. आणि हे त्या असं करतात, याचा मला पत्ताच नव्हता. मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांचा दुसरा एक गुण मात्र मला चांगला माहीत होता. कॉम्प्युटरने काहीही विचारलं की त्या 'हो' म्हणतात. परवानगी देता का? हो. बातम्या पाठवू का? हो. एकदा त्यांच्या लॅपटॉपवर अकरा वेगवेगळ्या वेबसाइट दिवसभर टुणटुणत होत्या. मी त्यांना ताकीद दिली होती, "अहो आई, कशालाही हो म्हणू नका. आधी मला फोन करा." त्या यालाही हो म्हणाल्या.

मग मावशींच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला. ओठ हलायचे आणि हवेसारखं काहीतरी ऐकू यायचं, तेही कान तोंडाजवळ नेला तर. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. ऑपरेशनच्या आधी सासूबाईंनी आणखी तेवीस धवले, पुन्हा एकपासून क्रम लावून, रेकॉर्ड करून घेतले होते, टाइपही करून झाले होते. फक्त मावशींना वाचून दाखवायचे राहिले होते. नात हट्टाला पेटली होती. मोबाइलवरचे कोणाचे तरी धवले लावायचे नाहीत, आजीचेच पाहिजेत. गावातल्या बायका कागदावर बघून म्हणतील. मांडवाला महिना राहिला होता. ठरलं असं की एका रविवारी मी मोहन्याला जायचं, छापून घ्यायचं, आणि दुपारी आम्ही दोघींनी मावशींकडे जाऊन सगळे वाचून त्यांचा होकार घ्यायचा.

त्या रविवारी मी पोचले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात भरली वांगी करत होत्या. "लॅपटॉप उघडाच आहे, तू सुरू कर," त्या आतूनच म्हणाल्या. मी फोल्डर उघडलं आणि माझं डोकं सटकलं. 'धवला सात अंतिम'. 'धवला सात अंतिम खरा'. 'धवला सात अंतिम खरा मावशी'. आवृत्त्या सांभाळायचं साधन घालून दिलं, पुठ्ठा टांगला, आणि बाई अजून फायलींची नावंच लांबवत बसल्यात! मला त्या साधनाचा अपमान झाल्यासारखं वाटलं. खरंच, इतका मूर्खपणाचा राग मला त्या क्षणी अगदी रास्त वाटला. म्हटलं, पक्कं आहे त्याची नोंद असेलच, उरलेला हा सगळा केर. आणि मी क्लीन टाइप केलं, सोबत 'विचारू नकोस' हा पर्याय जोडला, आणि एंटर मारलं. आधी काय काय पुसलं जाणार त्याची यादी दाखवणारा एक पर्याय आहे. तो दोन वर्षांपूर्वी मीच सुधारला होता. वापरला नाही.

एकसष्ट फायली काढल्या, असं उत्तर आलं.

एकसष्ट हा आकडा केराच्या मानाने मोठा वाटला, पण मी हात झटकले आणि छापायला घेतलं. छापण्यासारखं फक्त जुनंच होतं, मागच्या वर्षीपर्यंतचं. नवीन एकही नव्हतं.

"आई, तेवीस धवले कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलेत?"

"त्यातच आहेत की," आतून आवाज आला. "समोरच. अजून नोंदवलेले नाहीत, मावशींनी हो कुठे म्हटलंय?"

मी उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच परत आले. विचारलं, "आणि रेकॉर्डिंग? ती फोनवर आहेत ना?"

"फोन भरला होता गं. नातेवाइकांचे सुप्रभात. म्हणून सगळी लॅपटॉपवर घेतली नि फोनवरून काढून टाकली. तूच दाखवलं होतंस कसं करायचं ते."

तेवीस गाणी टाइप केलेली, तेवीस गायलेली, आणि पंधरा खरोखरचा केर. बेरीज बरोबर एकसष्ट. ती गाणी जिच्या गळ्यात होती तो गळा आता बंद होता. पुन्हा जाऊन 'मावशी, एकदा म्हणता का' असं विचारायची सोय नव्हती. मी खुर्चीत बसून राहिले. त्या जपून ठेवण्याच्या कप्प्याची मला आठवण झाली नाही असं नाही. झाली. लगेच हेही आठवलं की ती नवी आवृत्ती मी या लॅपटॉपवर कधी घातलेली नाही, आणि घातली असती तरी सोय बंदच असणार, कारण ती बंद असावी म्हणून भांडलेले मीच. संदेशावरूनही काही कळायला मार्ग नव्हता, तो बदलू नका म्हणणारी मीच. मला तिकडे बघायचीही भीती वाटली. बघितलं आणि नसलं, तर मग काय करायचं?

मी वीस मिनिटं काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं. पुसलेल्या फायली परत मिळवायचे इंटरनेटवरचे उपाय वाचत होते आणि एकही अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. शाळेत खिडकीची काच फुटल्यावर त्या अशाच बसत असणार.

"काय झालंय?"

"मी पुसलं सगळं," मी म्हटलं. "मला वाटलं केर आहे. तेवीसच्या तेवीस गेले. रेकॉर्डिंगसकट."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी रडायला लागले. मला रडताना त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे त्याच घाबरल्या.

"थांब, थांब. रडू नकोस. मध्यंतरी त्याने मला काहीतरी विचारलं होतं."

"कोणी?"

"त्यानेच. तुझ्या काळ्या खिडकीने. आधी म्हणाला, नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का? मी हो म्हटलं. मग म्हणाला, पुसलेलं महिनाभर जपून ठेवू का? मी त्यालाही हो म्हटलं." त्या जरा ओशाळल्या. "तुला फोन करणार होते. पण त्याने इतकं नीट विचारलं होतं गं. नाही कसं म्हणायचं?"

मी लॅपटॉप पुढे ओढला. परत आणायची कमांड तीनदा चुकली. चौथ्यांदा बरोबर टाइप झाली. एक क्षण नुसताच काळा पडदा. मग एकेक नाव वर सरकायला लागलं. धवला सात अंतिम. धवला सात अंतिम खरा. धवला सात अंतिम खरा मावशी. इतकी सुंदर नावं मी आयुष्यात वाचली नव्हती. एकसष्टच्या एकसष्ट परत आल्या, केरासकट. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. आधी हसू आलं, मग परत रडू आलं, मग दोन्ही एकदम. सासूबाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता आधी जेव. वांगी गार होतील." मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

मावशींकडे रिक्षाने निघालो तेव्हा मला राहवेना. म्हटलं, सगळं सांगितलं नाही तर घास पचणार नाही.

"आई, ती जपून ठेवायची सोय आहे ना, ती होऊ नये म्हणून मी भांडले होते."

"म्हणजे तू नको म्हणत होतीस?"

"हो."

"तरी त्या माणसाने केलं?"

"हो. सात वेळा लिहून पाठवलं."

"आणि तू सातही वेळा चुका काढल्यास?"

"हो."

"आज फारच हो म्हणतेस," त्या म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं. थोड्या वेळाने रस्त्याकडे बघतच विचारलं, "त्याला दोन ओळी लिहिणार आहेस ना?"

मावशींच्या मुलांनी शेतजमिनीवर तीन मजली बंगला बांधलाय, जिन्याला संगमरवर, दारात दोन गाड्या. मावशी मात्र तळमजल्यावर मागच्या पडवीत असतात, तिथे चूल आहे म्हणून. आम्ही चटईवर बसलो. सासूबाई वाचायच्या, मावशी डोळे मिटून ऐकायच्या आणि गुडघ्यावर बोटाने ठेका धरायच्या. बरोबर असेल तर सासूबाईंचा हात दाबायच्या. तोच त्यांचा 'हो'. नवव्या धवल्याला बोट थांबलं. मावशींनी मान हलवली आणि सासूबाईंना जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. दोन ओळींची अदलाबदल झाली होती. दुरुस्त करून परत वाचलं, तेव्हा हात दाबला गेला. प्रत्येक 'हो' मिळाला की सासूबाई लॅपटॉप माझ्याकडे न देता स्वतः, एका बोटाने, नोंद करायच्या. "धवला नववा. ओळी मावशींच्या सांगण्यावरून बदलल्या." मी शेजारी बसून होते. मला एकदाही 'चटकन मी करते' म्हणावंसं वाटलं नाही.

मधल्या चहाला सासूबाईंनी सकाळचा प्रताप मावशींना सांगून टाकला. मी मान खाली घातली. मावशींचं अख्खं अंग हलत होतं; त्या हसत होत्या, आवाजाशिवाय. मग त्यांनी मला खुणेने बोलावलं. मी कान जवळ नेला.

"घाबरलीस गो पोरी?"

"खूप," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बशीतलं खारं बिस्किट माझ्यापुढे सरकवलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास तेविसावा धवला नोंदवून झाला. परत येताना सासूबाई रिक्षातच पेंगल्या आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी त्या सदस्याला लिहिलं. माफी मागणं मला जमत नाही, त्यामुळे पत्र चारदा खोडलं. शेवटी जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं: तेवीस गाणी, बंद झालेला गळा, वांगी, आणि हो म्हणणाऱ्या सासूबाई. सोबत एक सुधारणा जोडली. आता प्रश्न विचारायचाच नाही, ही सोय सगळ्यांना आपणहून चालू असावी. ज्याला नको त्याने बंद करावी. म्हणजे सुरुवातीला तो जे म्हणत होता तेच.

उत्तर दोन दिवसांनी आलं. आधी माझ्या सुधारणेतल्या तीन चुका दाखवल्या होत्या, ओळ क्रमांकासकट. त्याखाली लिहिलं होतं की पाचव्या मसुद्याला त्याने हे काम सोडून द्यायचं ठरवलं होतं. "पण सात मसुदे ओळ न् ओळ वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच होता. बाकीच्यांनी अंगठे दिले. कोणीतरी वाचतंय म्हणून माझं लिहिणं चालू राहिलं." मी ते थांब्यावर तीनदा वाचलं, आणि बस चुकली. मग त्या तीन चुका दुरुस्त करून पाठवल्या. त्याने आणखी एक काढली. तीही केली. पुढच्या आवृत्तीत ती सुधारणा आली.

मांडवाच्या दिवशी सकाळी आम्ही गावात पोचलो तेव्हा डीजेवाला पेट्या लावत होता. स्पीकरची भिंत घराइतकी उंच. मला वाटलं, संपलं, यात कोण ऐकणार धवले? पण विधी सुरू व्हायची वेळ झाली तशी नात नऊवारी सावरत बाहेर आली आणि डीजेवाल्याला म्हणाली, "भावा, बंद ठेव रे तुझं. आता माझ्या आजीचं हाय." त्याने मुकाट्याने वायर काढली. बायका मांडवात गोल करून बसल्या, प्रत्येकीच्या हातात आम्ही छापलेले कागद. मावशी मधोमध, पाटावर, हिरव्या लुगड्यात. त्यांच्या हातात कागद नव्हता. त्यांनी गुडघ्यावर बोट ठेवलं, ठेका धरला, आणि बायकांनी सुरुवात केली.

पहिला धवला जरा चाचपडत झाला. दुसऱ्याला आवाज मिळाले. मावशींचे ओठ सगळ्यांच्या बरोबर हलत होते, एक अक्षरही न अडखळता. आणि मी सासूबाईंच्या शेजारी बसून एकदम चरकले. दोन वर्षं हे काम त्यांच्या लॅपटॉपवर चाललं होतं. सांभाळायचं साधन मी दिलं, पुसायचं काम मी केलं, परत आणायची कमांड मी मारली. पण त्या तेवीसमधलं एकही रेकॉर्डिंग मी कधी लावून ऐकलं नव्हतं. मला फक्त फायलींची नावं माहीत होती.

बायकांनी पुढचं गाणं उचललं. त्यात नवरीची आई मुलीला विचारते की मांडवाला कुठल्या झाडाचा डहाळा आणू, आणि मुलगी प्रत्येक झाडाला नाही म्हणत जाते, घर सोडायला उशीर व्हावा म्हणून. नात रडत होती, तिची आई रडत होती, आणि मावशी मात्र ठेका सोडायला तयार नव्हत्या.

मी सासूबाईंच्या कानाशी लागून विचारलं, "आई, हा कुठला?"

"तू पुसलेल्यातला चौदावा," त्या म्हणाल्या, आणि माझा हात दाबून मला गप्प बसवलं.